तिने खेळ सोडला, की तिचा खेळ सुटला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याची शालेय क्रीडा नियोजन सभा भरली होती. कबड्डी कोणत्या शाळेच्या मैदानावर, खो-खो कुठे, मैदानी स्पर्धांना फक्की कोण आणणार, पंच किती लागतील, असं सगळं चाललं होतं. चहा यायला वेळ होता, तेवढ्यात एका सहकाऱ्याने मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. जर्मनीची लॉरा डालमायर, बायथलॉन या बर्फावरच्या खेळातल्या दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकांची मानकरी, २८ जुलै २०२५ ला पाकिस्तानातल्या काराकोरम पर्वतरांगेतल्या लैला शिखरावर दरड अंगावर कोसळून वारली. वय ३१. बातमीत पुढे असंही होतं की तिने २०१९ मध्येच, पंचविसाव्या वर्षी, खेळ सोडला होता. सभा त्या एका वाक्यावर अडली. पंचविशीत सोडून दिलं? मग तिच्यावर एवढा खर्च कशासाठी केला? लगेच कोणीतरी तो धागा आपल्या गावात आणून सोडला. आपल्या पोरी तरी काय वेगळं करतात? दहावीला ग्रेसचे गुण मिळाले की मैदानाकडे फिरकत नाहीत. मुलींवर पैसा घालणं म्हणजे तापीच्या वाळूत पाणी ओतणं. मुलींच्या बाजूने बोलणारेही होते. त्यांनी तोडगा सुचवला की पालकांकडून हमीपत्र लिहून घ्यावं, एकोणीस वर्षांखालच्या गटापर्यंत मुलगी खेळलीच पाहिजे. मग दोन्ही बाजू हिरीरीने भांडल्या.

मी त्या दिवशी गप्प राहिले, आणि ते तेव्हापासून मला सलतंय. कारण भांडणाऱ्या दोघांचं मूळ गृहीत एकच होतं: खेळाडू मुलगी ही कर्जदार आहे. एक म्हणतो, कर्ज बुडतंय तर देऊ नका. दुसरा म्हणतो, देऊ या, पण वसुली कडक ठेवू. मला हे गृहीतच मान्य नाही. खेळ कधी थांबवायचा हे ठरवण्याचा हक्क खेळणारीचा आहे, आणि तो तिने वापरला तर कोणाचंही काही बुडत नाही. बुडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मराठीत दोन क्रियापदं आहेत, सोडणं आणि सुटणं. तिने खेळ सोडला, आणि तिचा खेळ सुटला. पहिल्यात ती कर्ती आहे, दुसऱ्यात तिच्या हातात काही नाही. आमच्या शाळांच्या नोंदवह्यांत मात्र दोन्हींसाठी एकच शेरा असतो: ‘खेळ सोडला’. सगळा घोळ त्या शेऱ्यात आहे.

आधी डालमायरने काय सोडलं ते पाहू, कारण सभेतल्या कोणालाच हा खेळ ठाऊक नव्हता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या मुलखात बर्फावरचा खेळ ठाऊक असायचं कारणही नाही. बायथलॉन म्हणजे पायात लांब स्की आणि पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन, चढउतारांच्या बर्फाळ वाटेवर कित्येक किलोमीटर पळायचं, आणि मधेमधे थांबून ५० मीटरवरच्या पाच निशाण्यांवर पाच गोळ्या झाडायच्या. आडवं पडून नेम धरायचा तेव्हा निशाणा ४५ मिलिमीटरचा, म्हणजे लिंबाएवढा. उभ्याने धरायचा तेव्हा ११५ मिलिमीटरचा, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढा. स्प्रिंट ही छोट्या पल्ल्याची शर्यत आणि पर्स्यूट ही पाठलागाची, त्यांत एक गोळी हुकली की १५० मीटरची एक जादा फेरी. धावून धावून छातीचा भाता झालेला असताना, नाडी कानांत धडधडत असताना, दोन श्वासांच्या मधल्या फटीत चाप ओढायचा. मी मुलींना गोळाफेक शिकवते, लांब पल्ल्याचं धावणं शिकवते. पण दमलेल्या शरीराला क्षणभर पुतळा व्हायला कसं शिकवतात, याची कल्पनाही मला करता येत नाही.

डालमायर जन्मली १९९३ मध्ये, आल्प्सच्या कुशीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शन या गावात. २०१७ च्या होखफिल्त्सेन जागतिक स्पर्धेत तिने सहा शर्यतींत पाच सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये साडेसात किलोमीटरच्या स्प्रिंटमध्ये तिच्या दहाच्या दहा गोळ्या लागल्या. दोनच दिवसांनी पर्स्यूटचं सुवर्णही तिने नेलं. एकाच ऑलिम्पिकमध्ये ही दोन्ही सुवर्णं मिळवणारी ती पहिली महिला बायथलीट. आणि त्यानंतर सव्वा वर्षाने तिने सांगितलं की आता या खेळासाठी लागते ती पुरती ओढ आपल्यात उरलेली नाही. पुढे तिने क्रीडाशास्त्राचं शिक्षण घेतलं, पर्वत-मार्गदर्शकाची परीक्षा दिली, डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या पथकात काम केलं, हिवाळ्यात टीव्हीवर याच खेळाचं विश्लेषण केलं. २०२४ मध्ये ती नेपाळमधल्या आमा दब्लम शिखरावर चढून आली. वाया गेलं असं यात नेमकं काय आहे?

समोरच्या बाजूचे मुद्दे मी हलके मानत नाही. त्यातला पैशाचा मुद्दा तर अगदी खरा आहे. क्रीडा प्रबोधिनीतली जागा, वसतिगृहातली खाट, वर्षाला मिळणारे बुटांचे मोजके जोड, हे सगळं तुटपुंजं आहे. एका मुलीने दोन वर्षं ती खाट वापरली आणि उठून गेली, तर जिला ती मिळालीच नाही तिचं काय? हा प्रश्न मला विचारणाऱ्या एका वडिलांना मी आजवर नीट उत्तर देऊ शकलेली नाही. पण मग हाच हिशेब सगळीकडे लावू या. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून बँकेत लागलेल्या मुलाकडे आपण ती जागा परत मागतो का? आणि आमच्याच मैदानावरचं बोलायचं तर बारावीनंतर कबड्डीतली मुलं किती उरतात? बहुतेक सगळी पांगतात. कोणी दुकानावर बसतं, कोणी सुरतेला जातं, कोणी केळीच्या गाडीवर. त्यांच्याबद्दल ‘पैसा वाळूत गेला’ असं एकाही सभेत मी वीस-बावीस वर्षांत ऐकलेलं नाही. मुलगा खेळला तर तो त्याच्या तरुणपणाचा भाग, आणि मुलगी खेळली तर ती आपण केलेली गुंतवणूक? हा फरक पैशाच्या हिशेबातून आलेला नाही, तो आधीपासून मनात होता.

दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या वर्दीच्या नोकरीला आम्ही नाकं मुरडतो तिच्यावरच तर बायथलॉन उभं आहे. आमच्याकडे पहाटे साडेपाचला शहाद्याकडून प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहावं. ट्रॅक पॅन्टवर कुर्ता, कानाला ओढणी, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, अशा मुलींचे घोळके पळत असतात. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर असतं, त्याची ही तयारी. यातल्या काही शाळेत असताना विभागापर्यंत तीन हजार मीटर धावलेल्या असतात. त्या भरती झाल्या की आमचे लोक म्हणतात, खेळाची शिडी केली आणि वर गेल्यावर शिडी ढकलून दिली. अहो, डालमायरही जर्मनीच्या सीमाशुल्क खात्याच्या संघातून खेळत होती. इटलीची डोरोथेआ वीरर वित्तीय पोलिसांच्या संघात होती. तिकडे खेळाडूला आधी पगार मिळतो आणि मग ती खेळते. आपल्याकडे आधी खेळून दाखव, मग नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात तुझा अर्ज पाहू. पोटाची सोय झालेली असली की माणूस ओढ आहे तोवर खेळतो आणि ओढ संपली की मोकळ्या मनाने थांबतो. पोटाची सोय खेळातूनच लावायची असेल, तर सोय लागली त्या दिवशी खेळ थांबणारच. त्यात त्या मुलीचा दोष काय?

माणसाच्या अंगातल्या कसबावर सरकारने किंवा समाजाने मालकी सांगायची, ही खोड जुनी आहे. बायथलॉनचा उगमच फौजेतला. १७६७ मध्ये नॉर्वे-स्वीडनच्या सीमेवरच्या पहारेकरी तुकड्यांमध्ये स्की आणि बंदुकीच्या चढाओढी झाल्याची नोंद आहे. १९२४ च्या शामोनीच्या हिवाळी स्पर्धेत त्याचं रूप ‘लष्करी गस्त’ असंच होतं. या दोन्हींच्या मधल्या काळातली आपली गोष्ट बघा. १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जेम्स आउट्रम याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. सातपुड्याची वाट अंधारातही पायांना पाठ असणारी, तीरकमठा हाताशी घेऊन वाढलेली ही माणसं. कंपनी सरकारला त्यांच्या डोंगरात काही चालेना, तेव्हा त्यांचेच पाय आणि त्यांचाच नेम पगारावर घेऊन त्यांच्याच भाऊबंदांवर रोखला. पलटणीत होती तोवर ती कामाची माणसं, आणि डोंगरात परत गेली की चोर-दरोडेखोर. पाय तेच होते. कोणासाठी धावतात एवढ्यावर किंमत ठरत होती. आज धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या पोरीला आपण म्हणतो, ‘तुझ्या पायात जिल्ह्याचं पदक आहे’, तेव्हा कौतुकच करत असतो, मान्य. पण पाय तिचे आहेत हे त्या वाक्यात कुठेच येत नाही.

आता प्रेरणेचा मुद्दा. खेळत राहणाऱ्या बायका मागून येणाऱ्यांना वाट दाखवतात, मधेच थांबणाऱ्या काय दाखवणार? यात तथ्य आहे. पुरुषांचं बायथलॉन ऑलिम्पिकमध्ये १९६० ला आलं, बायकांचं १९९२ ला. बत्तीस वर्षं बायकांना दारात उभं केलं होतं. त्यानंतर स्वीडनची माग्दालेना फॉर्शबेरी १९९७ पासून २००२ पर्यंत सलग सहा वर्षं विश्वचषकाची एकूण विजेती राहिली, तेव्हा कुठे लोक बायकांच्या शर्यती बघायला थांबू लागले असतील. तिने लवकर सोडलं असतं तर? पण तिचीच कारकीर्द नीट पाहिली तर ती मुळात नुसत्या स्की-धावण्याची खेळाडू होती. तो खेळ मागे ठेवून ती बायथलॉनकडे वळली. तेव्हा तिच्या हातून हमीपत्र लिहून घेतलं असतं, तर ही सहा वर्षं झालीच नसती. बेलारूसची दार्या दोम्राचेवा बघा. २०१४ च्या सोचीमध्ये तिने तीन सुवर्णं जिंकली. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिला मुलगी झाली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, जेमतेम चार महिन्यांनी, होखफिल्त्सेनच्या पर्स्यूटमध्ये ती रौप्यपदक घेऊन उभी होती. सुवर्ण डालमायरचं होतं. पुढच्या वर्षी प्योंगचांगला रिलेचं सुवर्ण दोम्राचेवाच्या संघाने नेलं. तिला परत येता आलं कारण ती गेली तेव्हा दार लोटलेलं होतं, कडी घातलेली नव्हती. आमच्या भागातल्या किती मुली बाळंतपणानंतर मैदानावर परत आलेल्या मी पाहिल्या? एकही नाही. तेव्हा, प्रेरणा हवी असेल तर आधी परतीची वाट करा. जाणारीला अडवून प्रेरणा तयार होत नाही.

सभेत सगळ्यात जास्त टाळ्या ज्या वाक्याला पडल्या ते असं होतं: ‘खेळतच राहिली असती तर आज जिवंत असती.’ या वाक्यापुढे माणूस निरुत्तर होतो, कारण त्यात एका तरण्याताठ्या पोरीचं मरण आहे आणि घरी तिच्या आईवडिलांचा आकांत आहे. डोंगरावरचा धोका खरा आहे. जवळपास ५,७०० मीटर उंचीवर, भरदुपारी, वरून दगड आले, त्यावर कसब चालत नाही. पण २०१९ चा निर्णय २०२५ च्या दगडाने चूक ठरतो का? आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वय अवघं २१. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती, पण रुजू व्हायला त्या उरल्या नाहीत. ‘समुद्र ओलांडलाच नसता तर जगली असती’ असं तेव्हा म्हणणारे असतीलच. आज त्यांच्या डॉक्टरकीचे दिवस मोजून ‘शिक्षण वाया गेलं’ म्हणायची कोणाची छाती आहे? आपण त्यांना तराजूत घालत नाही, कारण त्यांनी काय मिळवलं त्यापेक्षा त्यांनी काय ठरवलं याला आपण मान देतो. डालमायरने तर मरणाचाही विचार करून ठेवला होता. डोंगरात काही झालं तर माझा देह आणायला कोणी आपला जीव धोक्यात घालू नये, असं तिने लिहून ठेवलं होतं, आणि त्याप्रमाणे तिला तिथेच राहू दिलं. डोंगरात माणसं सोडवण्याचं काम केलेली बाई हे लिहिते तेव्हा तिला त्या शब्दांचं वजन पुरतं माहीत असतं. तिला ‘उतावळी’, ‘खेळ टाकून मरायला गेलेली’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

इथवर माझं बोलणं सोपं होतं. खरा अवघड आक्षेप सभेत कोणी घेतलाच नाही, तो मी स्वतःच घेते. ‘थांबायचा हक्क मुलीचा’ हे वाक्य मी खानदेशात मोठ्याने म्हटलं, तर उद्या ते कोण वापरेल? मुलगी नाही वापरणार. तिचा बाप वापरेल, काका वापरेल, सोयरीक घेऊन आलेला मध्यस्थ वापरेल. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण मी ते पाहिलंय.

माझ्याकडे एक मुलगी होती, नववीतली. पंधराशे मीटरला अशी पळायची की शेवटच्या दोनशेत बाकीच्या पोरी थांबल्यासारख्या वाटायच्या. जिल्ह्याला पहिली आली आणि दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. मी घरी गेले. वडील ओट्यावर बसले होते. म्हणाले, ‘आते बस, मॅडम. पोर दमी गयी.’ आवाजात राग नव्हता, उलट माझी समजूत घातल्यासारखं बोलले. पोर दाराआड उभी होती. शाळेने दिलेले स्पाइकचे बूट तिने धुऊन, कोरडे करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते आणि ती पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. परत द्यायला आणली होती ती. पण मी हात पुढे केला तेव्हा पिशवी लगेच सुटली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आमच्या वहीत तिच्या नावापुढे ‘खेळ सोडला’ असाच शेरा आहे, आणि तो माझ्याच हस्ताक्षरात आहे.

त्याच वहीत, दोन पानं पुढे, आणखी एकीच्या नावासमोर तेच दोन शब्द आहेत. ही पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी, तीन हजार मीटरला राज्य स्पर्धेपर्यंत गेलेली. अकरावीत एक दिवस येऊन म्हणाली, मॅडम, आता नाही धावायचं, नर्सिंगला जायचंय. मी चिडले. तिच्याशी दोन महिने धड बोलले नाही. तिने माझा विश्वासघात केला असं मला वाटत होतं, म्हणजे सभेतल्या ज्या गृहीतावर मी आज टीका करते ते तेव्हा माझंच होतं. आज ती सातपुड्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. लसीचा डबा खांद्याला लावून या पाड्यावरून त्या पाड्यावर जाते. चढावर तिच्याबरोबर चालून पाहिलं मी गेल्या वर्षी. मला धाप लागली, ती बोलत होती.

या दोघींना एका शब्दात बसवणारा वाद कसा काय योग्य निष्कर्षाला येईल? आणि दोघींत फरक करणं इतकं अवघडही नाही. मुलीला एकटीला विचारायचं, घरच्यांसमोर नाही. खेळाच्या जागी काय येणार आहे ते विचारायचं, तिच्या तोंडून. ज्या मुलीने स्वतः ठरवलेलं असतं तिच्याकडे पुढचं काहीतरी असतं, निदान एखादं नाव असतं, नर्सिंग, भरती, शिवणाचा क्लास, किंवा नुसतं ‘कंटाळा आला, मॅडम’. कंटाळा हेसुद्धा स्वतःचं कारण आहे. जिचं दुसऱ्याने ठरवलेलं असतं ती खाली बघते. वीस वर्षं शिट्टी वाजवलेल्या माणसाला हे ओळखता येतं, ओळखायचं असेल तर. हमीपत्राने यातलं काहीच साधणार नाही. ज्या बापाला दिवाळीत पोरीचं लग्न ठरवायचंय तो आधी सही करेल आणि मग ठरवेल. आणि जिला खरंच थांबायचंय ती मात्र त्या सहीमुळे दोन वर्षं रडत धावेल.

शिवाय सुटण्याची सगळ्यात मोठी दोन-चार कारणं तर हमीपत्राच्या कक्षेतच येत नाहीत. आमच्या स्पर्धांचं वेळापत्रक बघा. तालुका ऑगस्ट-सप्टेंबरात, जिल्हा त्याच्यामागून, आणि नाशिक विभाग अनेकदा दिवाळीच्या पलीकडे. नेमक्या त्याच वेळी डोंगराच्या पायथ्याची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, कोणी गुजरातेत, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. धाकटी भावंडं सांभाळायला जी जाते ती चौदा-पंधरा वर्षांची थोरली पोर असते, म्हणजे आमच्या सतरा वर्षांखालच्या गटातली धावपटू. जिल्ह्याची विजेती विभागाला ‘गैरहजर’ लागते, आणि पुढच्या सभेत कोणीतरी म्हणतो, पोरी टिकत नाहीत. टिकणार कशा? शर्यत सुरू व्हायच्या आत तिचं गाव रिकामं झालेलं असतं.

यंदाच्या सभेत मी गप्प बसणार नाही. वहीतला ‘खेळ सोडला’ हा रकाना काढून तिथे दोन रकाने करावेत, आणि तो शेरा मुलीला एकटीला विचारल्याशिवाय कोणी लिहू नये, माझ्यासकट, हे मी मांडणार आहे. थांबलेल्या मुलीला वयोगटात बसते तोवर विनाअट परत घ्यावं, तिची लग्नपत्रिका किंवा जुनी गैरहजेरी काढून बसू नये, हेही. आणि एक प्रश्न वेळापत्रक करणाऱ्यांसाठी आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक आमच्याकडून दिवाळीनंतरच्या आठवडाभरात हलतात. मुलींच्या लांब पल्ल्याच्या विभागीय शर्यती त्याच्या आधी घेता येतील की नाही, एवढंच सांगा.